साळुंकीवर औषध

दारव्हा
६ एप्रिल २०२५

चि. प्रेमसिंग यास अनेक आशीर्वाद.

कुठल्या न्यायालयात दाद मागावी हे न कळल्यामुळे सदर तक्रार तुझ्याकडे गुदरीत आहे. माझ्या घरात गेले पंधरा दिवस तुरीची डाळ शिजलेली नाही. अपराधी तुझी बहीण नाही, गॅस नाही, कुकर तर नाहीच नाही. संगीताचा नियम असा की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. पहिल्या दोन शिट्ट्या कुकर देतो. तिसरी अंगणातल्या निंबावर बसलेली साळुंकी देते. हुबेहूब देते, शेवटी वाफ सुटताना होतो तो फुस्ससुद्धा तिने सोडलेला नाही. संगीता आतल्या खोलीतून लगबगीने येते, गॅस बंद करते, आणि मी, बावन्न वर्षांचा, दोन विषयांत एम.ए. झालेला माणूस, छर्रे चावावेत तशी डाळ चावत शाळेत मराठीचे तास घ्यायला जातो.

हा पहिला अपराध. दुसरा याहून वाईट आहे.

होळीच्या आधी मी शाळेतल्या मोडक्या बाकांच्या फळ्यांची पाच लाकडी घरटी केली होती. त्यातली चार तुझ्याकडे तांड्यावर पाठवली, पाचवं माझ्या भिंतीला ठोकलं. चिमणा-चिमणी राहायला आले. काड्या आणल्या, जिनिंगच्या रस्त्यावरचा कापूस आणला, चांगला संसार मांडला. मग ही बाई आली. पहिल्या दिवशी नुसती छपरावर बसली. दुसऱ्या दिवशी भोकातून डोकावली. तिसऱ्या दिवशी आत शिरली आणि त्यांचा संसार एकेक काडी करून बाहेर फेकू लागली, भाडेकरूची भांडी रस्त्यावर यावीत तसा. शेवटी अंडी आली. चिमणी समोरच्या तारेवर बसून बघत होती. चोचीत कापूस होता, तो तिने तसाच धरून ठेवला होता.

साळा आणि साळुंकी या दोन शब्दांचा धातू एकच असावा, असं माझं संशोधन आहे. दोघेही दुसऱ्याच्या घरात हक्काने शिरतात, आवाज मोठा करतात आणि जेवणाच्या वेळी नेमके हजर असतात. तुझ्यावर रोख नाही. तू वर्षातून दोनदाच येतोस, फक्त आठ-आठ दिवस.

कुणी म्हणेल, ही बाहेरून आली असेल. तसं नाही. ती इथलीच. आपल्याकडून जहाजात घालून तिला परमुलखात नेलं, तिथे ती घुसखोर ठरली. इथे ती नुसतीच दांडगी आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुझ्या आईचा, याडीचा, हुकूम आहे की फोनवरचं बोलणं ऐकता ऐकता संपतं आणि पत्र हप्ताभर पुरतं. तेव्हा ओट्यावर बसून मोठ्याने वाच. तुमच्याकडच्या घरट्यांचं काय चाललंय तेही कळव.

तुझा भाऊजी,
हिरासिंग


तांडा, ढाणकीजवळ
१३ एप्रिल

भाऊजीले जय सेवालाल.

पत्र भेटलं. ओट्यावर वाचलं. दोनदा वाचा लागलं, कारन पहिल्या खेपेले याडीले हसू आवरेना अन् तिचा खोकला सुरू झाला. तुमच्या त्या संशोधनापाई समदा तांडा आता मले साळुंकी म्हनून राह्यला. तुमी दारव्ह्याले बसून काडी लावता अन् धूर मले खावा लागते.

पन भाऊजी, इथलं हसन्यासारखं नाही.

चारी घरटे मी गंगीआत्याच्या खोलीले ठोकले, स्लॅबच्या खाली. आत्या म्हनजे बाबाची बहीन, फुफाजी गेल्यापासून आमच्याच आवारात राह्यते, हे तुमाले माहीतच हाये. तिचं कवेलूचं घर होतं तवा आढ्यात चिमन्याच चिमन्या होत्या. घरकुल मंजूर झालं, कवेलू उतरले, स्लॅब पडला. आत्याले पक्कं घर भेटलं, चिमन्याईचं गेलं. त्या दिवशी तिनं जेवन केलं नव्हतं. म्हनून तुमचे घरटे आले तवा तिनं तांड्यात साखर वाटली, जवायानं चिमन्याईले घरकुल देल्लं म्हनून.

तीन घरट्यात चिमन्या आल्या. पिल्लं झाले. आत्या सकाळी उठून पहिले तिथं जाऊन उभी राह्यची अन् मंग तोंड धुवाची. परवा साळुंक्याची जोडी आली. एकेक पिल्लू ओढून खाली टाकलं. आंगावर पंखबी नव्हते. आत्यानं पदरात घेतले, कापसात ठेवले, बोटानं पानी पाजून पाह्यलं. सांजपर्यंत एकबी राह्यलं नाही.

तवापासून थे काठी घेऊन खाली बसेल असते. जेवनबी तिथंच. बोलनं कमी झालं. काल मले जवळ बोलावलं अन् म्हनली, "जवाई शिकेल हायेत. त्यायले लिही, साळुंकीवर औषध काय थे सांगा. जवाई सांगतीन तसं मी करीन."

मी म्हनलं, लिहितो. तर सांगा.

तुमचा
प्रेमसिंग

ता. क. संगीताबाईले म्हना चार शिट्ट्या घे.


दारव्हा
१९ एप्रिल

चि. प्रेमसिंग,

चौथी शिट्टी घेऊन पाहिली. चारही कुकरनेच दिल्या, साळुंकीने मग पाचवी दिली. आता डाळीची खीर होते.

गंगीआत्याच्या प्रश्नाकडे वळू. साळुंकीवर औषध काय? चरक गप्प आहेत, सुश्रुत गप्प आहेत, शासनाचा वनविभाग तर आधीपासूनच गप्प आहे. तेव्हा दारव्ह्याचा हा वैद्यराज बोलतो आहे, कान देऊन ऐकावं. गोठ्याच्या कोनाड्यात कपाशीवर मारून उरलेली औषधाची बाटली असेलच. आपल्या जिल्ह्यात देव्हारा नसलेलं घर एखादं सापडेल, ती बाटली नसलेलं सापडायचं नाही. ते औषध ज्वारीत नीट कालवावं. सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी, थाळीत वाढून, व्याह्यांना करतात तसा आग्रह करून द्यावं. पथ्य काही नाही. तीन दिवसांत असा गुण येतो की रोगी पुन्हा तक्रार घेऊन येत नाही.

विनोद संपला. आता पान उलट आणि कामाचं वाच.

दोष साळुंकीचा कमी आणि माझा जास्त आहे. घरट्यांना दार ठेवताना मी हात मोकळा सोडला. मूठ जाईल एवढं भोक पाडलं, पाहुण्याला दार मोठं असावं म्हणून. चिमणीला दहा रुपयांच्या नाण्याहून जरासं मोठं भोक पुरतं. साळुंकीचं त्यातून डोकं जातं, खांदे जात नाहीत. तेव्हा पत्र्याचे चार तुकडे काप, मधोमध तेवढंच भोक पाड, कडा कानशीने घास आणि जुन्या भोकांवर ठोकून दे. भोकाखाली मी हौसेने बसायला दांडी लावली आहे ती काढून टाक. चिमणीला तिची गरज नसते, साळुंकीला असते. घरट्यात कुणी अंड्यावर बसलं असेल तर ते काम त्या घरट्यापुरतं थांबव.

आत्याला सांग, दार जावयानेच मोठं ठेवलं होतं. काठी घेऊन बसायची गरज नाही.

तुझा भाऊजी


तांडा
२८ एप्रिल

भाऊजीले जय सेवालाल.

तुमचं पत्र आलं अन् वाचलं, पन ओट्यावर अर्धंच झालं. औषधाचं वाचून झालं, 'रोगी पुन्हा येत नाही' इथं समदे हसून राह्यले अन् तेवढ्यात टँकर आला. मंग काय, गुंड, डबे, बादल्या. ओट्यावर मी अन् याडीची काठी. दुसरं पान मी दुसऱ्या दिवशी हळदीच्या कढईपाशी बसून एकट्यानं वाचलं. पत्रा कापाचा हाये. पन हळद शिजवनं चालू हाये, उसंत नाही. होईन हप्त्याभरात.

आत्या मात्र खूश हाये. त्या दिवशी ओट्यावर समदे हसले, थे एकटी हसली नाही. पोट्टे मास्तरसमोर पाढा आयकतात तशी मान हालवून राह्यली होती. दुसऱ्या दिवशी राखीले गोठ्यातली बाटली मागतली. मायी बायको भोळी, खाटेत ढेकनं झाले असतीन म्हनून काढून देल्ली. आता आत्या दिवसभर थाळीत ज्वारी कालवत बसेल असते अन् स्लॅबवर टाकाले लावते. म्हनलं बरं हाये, जीव रमते तिचा.

साळुंक्या आता खाली येत नाही. निंबावर बसतात अन् पाहत राह्यतात. आवाजबी करत नाही, याचंच नवल वाटते. चिमन्याईचं काय झालं समजत नाही. सकाळची चिवचिव बंद हाये. पान्याच्या मांगं नाल्याकडं गेल्या असतीन. गोठ्यामांगं दोन-तीन मरून पडेल दिसल्या. राखीची एक कोंबडीबी मान टाकून गेली. ऊन लय हाये यंदा.

आत्यालेबी ऊन लागलं. कालपासून घाम, मळमळ, तोंडाले सारखं पानी सुटते. डोळे बारीक करून पाह्यते अन् म्हनते धुकं पडलं. एप्रिलात कायचं धुकं? कांद्याचा रस देल्ला, पन्हं देल्लं. तंबाखू बंद कर म्हनलं तर आयकत नाही. थाळीतला हात काढते, लुगड्याले पुसते अन् त्याच तळहातावर तंबाखू चोळते. उद्या बरं नाही वाटलं तर ढाणकीले नेऊन सलाईन लावून आनतो.

बाकी ठीक. बाईले सांगा, काळजीचं काही नाही.

तुमचा
प्रेमसिंग


यवतमाळ, दवाखान्यातून
५ मे

भाऊजी,

फोनवर हे बोलता येत नाही, आजूबाजूले लोक असतात. म्हनून व्हरांड्यात बसून लिहून राह्यलो.

मायं पत्र वाचून तुमी फोन केला त्या दिवशी मी पान्याच्या टाकीपाशी उभा होतो, तिथंच रेंज येते, म्हनून थो लागला. तुमी ओरडून सांगतलं, हात धुवा, लुगडं बदला, तंबाखूची चंची फेका, डॉक्टरले सांगा की फवारनीचं औषध आंगात गेलं. राखीनं आत्याले न्हाऊ घातलं तवा आत्याचं आंग आपोआप उडत होतं, गाईचं माशी बसल्यावर उडते तसं. ढाणकीवाल्यानं हात लावला नाही. जीप केली, उमरखेड, पुसद, करत करत इथं आनलं. तोंडाले फेस होता.

इथं डॉक्टरीनबाईनं विचारलं, काय झालं? मी घाबरेल होतो. तोंडातून निंगालं, "आत्यानं औषध घेतलं."

आपल्याकडं औषध घेतलं म्हनजे काय, थे मी तुमाले सांगू? कागदावर तसंच लिहिल्या गेलं. इलाज बरोबर झाला, त्याले नाव ठेवत नाही. दोन दिवस नळीवर होती, आता श्वास घेऊन राह्यली. पन कागद पोलिसात गेला. जमादार आला. म्हातारीनं जीव द्यायचं कारन काय, घरात कोन बोलत होतं तिले, खोली कोनाच्या नावावर हाये, तिच्या मांगं कोनाले भेटते. समदं विचारलं अन् विचारताना राखीकडं पाह्यलं. मी म्हनलं, साहेब, तसं नाही, थे साळुंक्यासाठी होतं. थो म्हनला, म्हातारीनं साळुंक्यापाई औषध घेतलं? अन् वही बंद केली.

तुमी त्याच वेळेले आलते. खाटेवर बिस्किटाचा पुडा ठेवला. जमादारानं विचारलं, हे कोन? तर तुमी म्हनले, ओळखीचा हाये. मी पान्याची बाटली भरून आलो तर तुमी नव्हते. मले वाटलं चहाले गेले असतीन. सांजपर्यंत वाट पाह्यली.

तुमचं थे पत्र घरी देव्हाऱ्यात हाये. याडी तुमचे समदे पत्र तिथंच ठेवते. थे दाखवलं तर राखीवरचा संशय जाते. पन तुमची नोकरी हाये, गावात नाव हाये. म्हनून पहिले तुमाले विचारतो. दाखवू का?

प्रेमसिंग


दारव्हा
८ मे

चि. प्रेमसिंग,

त्या दिवशी मला शाळेच्या कामासाठी तातडीने निघावं लागलं. सांगायला तू जवळ नव्हतास.

पत्राविषयी शांतपणे विचार कर. विनोद जिथे लिहिला तिथेच विनोद असतो. पंचनाम्यात त्याचं नाव बदलतं. त्या पत्रातून शेवटी एवढंच वाक्य उरेल की मास्तरने म्हातारीला विष कालवायला सांगितलं. दुसऱ्या पानावर मी काय लिहिलं ते कोण वाचणार? ते पान ऐकायच्या वेळी टँकर आला, हे कोणत्या कलमात बसवणार? माझं गेलं तर तुमचं काही येईल असंही नाही. तेव्हा घाई नको. आत्या बोलू लागली की आपोआप सगळं स्पष्ट होईल. तोवर राखीने जमादाराच्या प्रश्नांची थोडक्यात उत्तरं द्यावीत, जास्त बोलू नये.

एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. साळुंकी दाणा फारसा खात नाही. ती किडे वेचते, नाकतोडे पकडते, बैलामागे चालते. ज्वारी खाते ती चिमणी. हे मला ठाऊक होतं. पत्र लिहिताना वाक्य चांगलं जमत होतं, त्यामुळे थांबलो नाही.

संगीता तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही. आता ती कुकरपाशीच उभी असते, डाळ उत्तम शिजते आहे.

तुझा भाऊजी


तांडा
१५ मे

हिरासिंग राठोड सर यांस,

पत्र दाखवलं नाही. दाखवाले आता थे राह्यलंबी नाही. जवायाले तरास होऊ शकते एवढं याडीनं आयकलं अन् देव्हाऱ्यातून काढून चुलीत घातलं. दुसरं पानबी गेलं. तिले वाचता येत नाही, तिनं तुमचे समदेच घातले.

आत्याले सुट्टी भेटली. जमादारानं खाटेपाशी बसून जबाब घेतला. औषध कालवाले कोनी सांगतलं? आत्या म्हनली, "मायाच मनानं." तुमचं नाव घेतलं नाही. त्यानं फास आखीनच आवळला. मनानं घेतलं म्हनजे घरात काहीतरी झालं असनच, असं थो म्हनते. राखीले ठान्यात बोलावलं, सकाळपासून सांजपर्यंत बाकड्यावर बसवलं. तिनं तुमी सांगतलं तसं केलं, जास्त बोलली नाही. थो म्हनला, बाई काहीतरी लपवून राह्यली. आता तांड्यातल्या बाया तिच्यासंगं पान्याले जात नाही. तिचा भाऊ येऊन गेला, म्हनला आमी हिले घेऊन जातो, तुमच्या घरात म्हाताऱ्या औषध घेतात. राखी गेली नाही. पन पोतडी बांधून ठेवली हाये, मले दिसते.

आत्याचे हात थरथर कापतात. गिलास धरता येत नाही. नजरबी गेल्यातच जमा हाये. तिची काश्याची थाळी, लग्नातली, त्यातच तिनं कालवलं होतं, म्हनून डॉक्टरनं सांगतल्यावर थाळी बांधावर खड्डा करून पुरली. थे रोज मागते. आमी म्हनतो घासाले देल्ली हाये.

चारी घरट्यात साळुंक्या हायेत. पिल्लं झाले त्यायचे. सकाळी लय गलका करतात. आत्या खाट बाहेर काढाले लावते अन् आयकत पडून राह्यते. तिले दिसत नाही, आयकू येते. तिले वाटते चिमन्याच हायेत. कोनाचीच सांगाची हिंमत झाली नाही.

काल मले म्हनली, जवायाले लिही, औषध लागू पडलं.

म्हनून लिहिलं.

प्रेमसिंग चव्हाण


दारव्हा
२१ मे

प्रेमसिंग यास,

काल मी ठाण्यात जाऊन आलो. तांड्यावर आलो नाही.

मी आत्याचा जावई आणि तिला औषध मी सांगितलं, असं लिहून दिलं. जमादार म्हणाला, पत्र कुठे आहे? म्हणालो, जळलं. मग त्याने कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, आठवतं तसं लिहा. सगळं आठवत होतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. दुसरं पानही लिहिलं. ते त्याने पाहिलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाला, हे बाईंनी ऐकलंच नाही ना, मग हे कशाला?

पहिलं पान तो सावकाश, ओठ हलवत वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. कुत्सितपणा नव्हता, खरोखर विचारत होता. "मास्तर, हे तुम्ही गमतीनं लिहिलं?"

मी म्हणालो, हो.

तो म्हणाला, "मग हसायचं कुठं ते दाखवा."

त्याने कागद माझ्याकडे फिरवला. तेवीस वर्षं मी मुलांना हेच विचारत आलो आहे, या उताऱ्यात विनोद कुठे आहे ते अधोरेखित करा. मी वरपासून खालपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. बोट ठेवायला जागा सापडली नाही. मी सही केली.

राखीला आता बोलावणार नाहीत. तसं त्याने माझ्यासमोर लिहिलं आणि तिच्या भावाच्या गावी निरोपही धाडला, मी विनंती केली म्हणून. माझ्यावर काय होईल ते त्याला माहीत नाही, मलाही नाही. मुख्याध्यापकांना मी स्वतः कळवलं आहे. उद्यापासून शाळेत जायचं नाही, पुढचं चौकशीनंतर. संगीताला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, राखीची माफी मागितली का? नाही. माफी लिहून मागायची नसते, ती समोर येऊन मागेन.

राखीला म्हण, पोतडी सोड. किंवा म्हणू नकोस, तिचं तिला ठरवू दे.

पत्र्याचे चार तुकडे कापून पाठवतो आहे, भोकं पाडून, कडा घासून. लगेच लावू नकोस. साळुंकीची पिल्लं उडून गेल्यावर लाव. आधी लावलेस तर मोठ्यांना आत जाता येणार नाही आणि पिल्लं आतल्या आत मरतील. चिमण्या परत येतील असं मी सांगत नाही. नाल्याकडे एखादी जोडी उरली असेल तर असेल.

पिल्लं कुणाची आहेत ते आत्याला तू सांगू नकोस. ते मी येऊन सांगणार आहे, तिच्या खाटेपाशी बसून. जून लागायच्या आत येतो.

ढाणकीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ एक गाठोडं दिलं आहे, ते स्टँडवरून घे. आत काशाची थाळी आहे. नवी घेतली नाही, नवी तिला हाताला लागताच कळली असती. पुसदच्या बाजारात भांडीवाल्याकडे बसून एकेक हातात घेऊन पाहिली आणि तिच्या थाळीएवढ्या वजनाची निवडली, तिच्या थाळीत मी जेवलो आहे. काठ झिजलेला आहे.

तिला काही सांगू नकोस. घासून आली, एवढंच म्हण.

हिरासिंग